जेबीडी२च्या आड लपलेला सापडला

सापडला एकदाचा, माझ्या लिनक्स मशीनची डिस्क जागी ठेवणारा! मागच्या नोंदीत लिहिलं होतं तसं ४ टीबीची डेटा डिस्क काही केल्या झोपत (म्हणजे फिरायची थांबत) नव्हती. एचडीपार्मला (डिस्कच्या सेटिंगची कमांड) एस १२० (५ सेकंदांचे १२० टप्पे) दिलेलं, म्हणजे १० मिनिटं कुणी हात लावला नाही तर मोटर थांबायलाच हवी. स्मार्टडीला (डिस्कची तब्येत तपासणारा प्रोग्रॅम) स्टँडबायमधली, म्हणजे झोपलेली डिस्क उठवू नको असं सांगून झालं, माउंटला (डिस्क सिस्टिमला जोडताना) नोएटाइम लावून, म्हणजे फाइल वाचल्याची वेळ लिहिणं बंद करून झालं. तरी दर ५ सेकंदांनी टिक. डिस्कचे काउंटर बघितले तर वाचन शून्य, लेखन मात्र चालूच.

डिस्कवर कोण किती लिहितंय ते दाखवणाऱ्या आयोटॉपवर एकच नाव येत होतं, जेबीडी२/एसडीबी१-८. (आयोटॉप सी-मध्ये लिहिलेलाच घ्या, पायथनवाल्यापेक्षा खूप हलका आहे. आणि लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) ५.१४ पासून टास्क_डिलेअ‍ॅक्ट ही सेटिंग चालू केल्याशिवाय आयओचा (वाचन-लेखनाचा) टक्का दिसत नाही.) आता जेबीडी२ म्हणजे एक्स्ट४ या फाइल सिस्टिमच्या जर्नलचा (बदलांच्या नोंदवहीचा) थ्रेड. पोस्टमनला धरून पत्र कुणी लिहिलं हे कळत नाही, तसलाच प्रकार. ते ५ सेकंदही त्याचेच, जर्नलचा कमिट (साठलेले बदल डिस्कवर उतरवणं) मुळात ५ सेकंदांवर असतो. त्यामुळे त्या तालावरून गुन्हेगाराचा काहीच पत्ता लागत नाही. तो सेकंदाला दहा वेळा खुडबुड करत असला तरी टिक ५ सेकंदांनीच ऐकू येणार.

नव्या फॉरमॅटनंतर एक्स्ट४लेझीइनिट हा थ्रेड राहिलेली मांडणी करत बराच वेळ लिहीत बसतो, पण तो थ्रेड केव्हाच संपला होता. कुठली फाइल कोण हाताळतंय ते दाखवणारा फॅट्रेस गप्प. जुन्या लेखांत ब्लॉक_डंप (कोण लिहितंय ते लॉगमध्ये दाखवणारं) वापरा म्हणतात, ती सोय नव्या कर्नलमधून काढून टाकली आहे. फार सोपी होती, मला तिची खरंच उणीव जाणवते.

शेवटी कर्नलच्या आतल्या घडामोडी दाखवणारा एफट्रेस कामी आला. ट्रेसिंगच्या इव्हेंट्समध्ये एक्स्ट४खाली एक्स्ट४_मार्क_इनोड_डर्टी आहे (इनोड म्हणजे फाइलची वेळ, मालक वगैरे ठेवणारी नोंद; ती बदलली की हा इव्हेंट उमटतो). त्याच्या इनेबलमध्ये १ टाकायचा आणि ट्रेस_पाइप बघत बसायचं. धडाधड ओळी आल्या, प्रत्येकीत प्रोसेसचं नाव, पीआयडी, डिव्हाइस ८,१७ (म्हणजे एसडीबी१) आणि तोच तो इनोड क्रमांक! फाइंडला एक्सडेव्ह (याच डिस्कवर शोध) आणि आयनम (इनोड क्रमांकाने शोध) देऊन तो क्रमांक शोधला. निघाली एक शून्य बाइटची फाइल. फोटो सिंक करणारा कंटेनर (वेगळ्या कप्प्यात चालणारा प्रोग्रॅम) 'मी जिवंत आहे' एवढंच सांगायला दर सेकंदाला तिची वेळ बदलत होता.

आयोटॉपमध्ये तो का दिसला नाही, हे कळल्यावर मला सगळ्यात जास्त आनंद झाला. प्रोसेसच्या नावावर लेखन चढतं ते डेटाचं पान मळल्यावर (मेमरीतला फाइलचा मजकूर बदलल्यावर). इथे मळत होता फक्त इनोड, म्हणून प्रोसेसच्या खात्यात शून्य आणि सगळा भार जर्नलवर. फॅट्रेसचं कारण वेगळं. माझ्याकडची आवृत्ती जुनी, ती माउंटवर कान लावते, आणि कंटेनरच्या आतला बाइंड माउंट (बाहेरचं फोल्डर आत दाखवणं) हा वेगळा माउंट असतो.

उपाय म्हणून आधी कमिट ६०० सेकंद करणार होतो. पण वीज गेली तर १० मिनिटांपर्यंतचे बदल जातील, ते नको. मग त्या फाइलच्या फोल्डरवर टीएमपीएफएस (मेमरीतली फाइल सिस्टिम) चढवलं. टिक थांबली. थोड्या वेळाने एचडीपार्म सी मारलं (याने डिस्कची स्थिती कळते, ती जागी होत नाही), उत्तर आलं, स्टँडबाय!

हे लिहितानाच आणखी एक सुचलं. फोटोंची अख्खी लायब्ररी कंटेनरला रीड-ओन्लीच द्यावी आणि त्याचं बाकी सगळं सामान एसएसडीवर हलवावं. मग ज्याला उगाच लिहायचं असेल तो आपणहून 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' म्हणून लॉगमध्ये ओरडेल, ट्रेस लावायची गरजच नाही. टीएमपीएफएसचा जुगाड काढून आता हेच करतो, आणि इतर कंटेनरनाही हाच नियम.

राहिली यूएसबी डॉकमधली दुसरी डिस्क. या डॉकची चिप स्टँडबायचा आदेश डिस्कपर्यंत पोचवतच नाही. स्वस्त डॉक घेऊ नका, साटा पोर्ट मोकळा असेल तर डिस्क थेट जोडा. माझ्या बोर्डावर एक पोर्ट रिकामा आहे, केबल मागवली आहे.