मे महिन्यात पेंचला कशाला जाता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "वाघच बघायचा तर ताडोबा आहेच की, दर मे महिन्यात त्या रणरणत्या उन्हात पेंचला काय ठेवलंय?" हे मला घरीदारी सगळेच विचारतात.

मी नदी बघायला जाते. पेंच हे मुळात नदीचं नाव. छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते, सागाच्या जंगलातून खाली येते आणि कन्हानला मिळते. तिच्या काठचं जंगल महाराष्ट्राने १९७५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलं, मध्य प्रदेशाने १९८३ साली.

मी तुरिया गेटने आत जाते. मे महिन्यात तिथे नदी वाहत नसते. पात्रात वाळू, काळे खडक आणि मधूनमधून उरलेले डोह. सगळं जंगल त्या डोहांवर येतं. एकदा जिप्सी बंद करून पाऊण तास चितळांचा कळप बघत होते. पुढची मादी पाण्याशी आली, हुंगलं, मागे सरली. पुन्हा आली. तिने तोंड लावल्यावर बाकीच्या पुढे झाल्या, पण एकीची मान कायम वर. डोहाच्या खडकावर पांढुरक्या रेघा होत्या, एकीखाली एक. पाणी कसकसं उतरत गेलं ते त्यांच्यावरून सरळ वाचता येतं.

खाली तोतलाडोहचं धरण आहे. नदीकाठचं किती जंगल त्याच्या पाण्याखाली गेलं, या विचाराने मला आजही त्रास होतो. आणि तेच पाणी नवेगाव खैरीवरून नागपूरला, माझ्या नळाला येतं. २०१९ साली तोतलाडोह जवळजवळ कोरडं पडलं आणि जुलैत आम्हाला एक दिवसाआड पाणी मिळू लागलं, तेव्हा कुठे माझं लक्ष नदीकडे गेलं. उद्यानाच्याही वर, चौराईला, पेंचवर आणखी एक धरण झालंय. तिथे पाणी अडलं की खाली कमी येतं. जंगलात कितीही चोख पहारा ठेवला तरी नदी बाहेरूनच आत येते. तिचा वरचा भाग राखणारं कुणी नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

म्हणून गेटच्या आत शिरल्यावर गाईडदादांना मी वाघाचं नंतर विचारते. आधी विचारते, गेल्या वर्षीच्या त्या डोहात पाणी किती उरलंय.