पाच रविवार आणि एक ना-हरकत पत्र

त्या एका कागदापायी माझे पाच रविवार गेले. घर पसंत होतं, मालक तयार होता, टोकनचे ५,००० रुपये देऊन झाले होते, तरी सोसायटीचं ना-हरकत पत्र काही मिळेना. कारण एवढंच, की घरात बाईमाणूस नाही. आता दुसऱ्या घरात स्थिरस्थावर झालो, पण विषय निघाला की अजून आवाज चढतो. म्हणून एकदाचं लिहून काढतोय. बडोद्यात एकट्यानं मूल वाढवत घर शोधणारं कुणी असेल, तर त्याचा एखादा रविवार तरी वाचावा.

माझी मुलगी सात वर्षांची. तिची आई जाऊन अडीच वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही दांडिया बाजारातल्या जुन्या घरात, आई आणि दादा-वहिनींबरोबर राहत होतो. खोल्या दोन, दादाची मुलं दहावी-बारावीला आलेली. जा असं कुणी कधी म्हटलं नाही. पण रात्री दिवा कधी मालवायचा यावर मुलांची कुरबुर व्हायला लागली, तेव्हा आपणच निघायला हवं हे मला कळलं. कामाला मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, पहिली पाळी, सात ते साडेतीन.

ओळखीचे सगळे वासणा-भायलीकडे बघ म्हणत होते. नवीन इमारती, लिफ्ट, मोठे फ्लॅट. मी दोन बघूनही आलो आणि आवडलेही. पण दोन जण कमावते असतात तेव्हा घर बघायची रीत वेगळी आणि एकट्याची वेगळी. मी कागदावर फक्त एक वेळ लिहिली होती : साडेबारा ते चार. शाळा साडेबाराला सुटते, मी चारला घरी पोचतो. मधल्या साडेतीन तासांत मूल कुणाजवळ असेल, याचं उत्तर ज्या भागात मिळेल तोच आपला भाग. लिफ्ट, बाग, मॉल हे सगळं नंतर.

दुसरी गोष्ट विश्वामित्री नदीची. ऑगस्ट २०२४ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. काळा घोडा पुलाजवळ धोक्याची पातळी २६ फुटांची, आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं होतं. नदी शहराच्या मधून जाते. पाणी चढलं की पूल बंद होतात आणि अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे राहतात. मी पाळीवर मकरपुऱ्यात, मुलगी भायलीत आणि आई दांडिया बाजारात, असं त्या दिवशी झालं असतं तर? वरच्या मजल्यावर पाणी येत नाही हे खरं, पण वीज नसलेल्या घरात लहान मूल एकटं ठेवता येत नाही. म्हणून मी ठरवलं, की काम, शाळा, घर आणि आई, चारही नदीच्या एकाच अंगाला हवेत. नदीपलीकडचे अकोटा, वासणा, गोत्री आपोआप गळले. राहिले मांजलपूर, तरसाली आणि मकरपुरा.

घर बघायला गेलात तर पाणी कुठवर आलं होतं हे दलालाला विचारू नका. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, दूधवाल्याला विचारा. पार्किंगच्या भिंतीचा खालचा भाग बघा. मांजलपुरातसुद्धा गल्लीगणिक फरक आहे.

तर मांजलपुरात तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. भाडं ९,०००, डिपॉझिट दोन महिन्यांचं, दलाली एका महिन्याची. शाळेला मुलगी चालत जाऊ शकेल एवढं अंतर, आणि मागच्याच गल्लीत एका ताईंचं घोडियाघर. पाळणाघराला इथे तोच शब्द. मालक सुरतला राहणारा. फोनवर म्हणाला, मला काही हरकत नाही, फक्त सोसायटीच्या मंत्र्यांना, म्हणजे सेक्रेटरींना, भेटून घ्या. ते 'फक्त' मी मनावर घेतलं नाही, ही माझी पहिली चूक.

पहिल्या रविवारी मंत्र्यांनी चहा दिला, माझं काम विचारलं, आणि मग विचारलं, "घरमां लेडीज कोण छे?" मी सांगितलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, "अमे फॅमिलीने ज आपीए छीए," म्हणजे आम्ही फॅमिलीलाच देतो. मी म्हटलं, मी आणि माझी मुलगी, आम्ही फॅमिलीच आहोत. ते म्हणाले, कमिटीत विचारून सांगतो.

दुसऱ्या रविवारी त्यांनी पत्नीच्या मृत्यूचा दाखला मागितला. घर भाड्यानं घ्यायला तो कशाला लागतो हे मला आजही कळलेलं नाही. पण काम अडू नये म्हणून मी त्याची झेरॉक्स दिली. देऊ नका. ओळखीसाठी आधार पुरतं, नोकरीसाठी कंपनीचं पत्र पुरतं. त्या दाखल्याची झेरॉक्स एका परक्या माणसाच्या फाईलमध्ये पडून आहे याचं मला फार वाईट वाटतं.

तिसऱ्या रविवारी प्रमुख बाहेरगावी गेले होते. चौथ्या रविवारी कमिटीचे चौघे बसले होते. मुलीला बघितलं की त्यांची शंका फिटेल अशा समजुतीनं मी तिला बरोबर नेलं होतं. तिच्यासमोर एकानं विचारलं, पुन्हा लग्न करणार आहात की नाही? दुसरा म्हणाला, आईला इथे राहायला आणा, त्यांचं आधार जोडा, मग बघू. आई आठवड्यातले चार दिवस येणारच होती. पण ती इथे कायम राहते असं खोटं लिहून द्यायला मी नकार दिला. मुलगी सगळं ऐकत होती. पाचव्या रविवारी ती जिना चढली नाही. गेटजवळच्या बाकावर पाण्याची बाटली घेऊन बसली आणि म्हणाली, मी इथेच थांबते.

त्या दिवशी मी विचारलं, हा नियम कुठे लिहिलाय तो दाखवा. सोसायटी १९६१ च्या गुजरात सहकारी कायद्याखाली नोंदलेली, म्हणजे तिचे पोटनियम छापलेले असणार. मंत्री म्हणाले, असं कागदावर नसतं, सगळ्यांचं एकमत आहे. मग नकार तरी लेखी द्या म्हटलं, तर तोही देईनात. हो म्हणायचं नाही, नाही लिहून द्यायचं नाही, आणि पुढच्या रविवारी या म्हणायचं. माणूस थकून आपोआप जातो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

उशिरा कळलेली गोष्ट अशी, की मी तिथे जायलाच नको होतं. मी सोसायटीचा कुणीच नव्हतो. सभासद होता मालक. त्यानं पहिल्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घेतली असती, तर कमिटीला एका सभासदाच्या कागदाला उत्तर द्यावं लागलं असतं. भाडेकरूला कुणी काही देणं लागत नाही. तेव्हा टोकन देण्याआधी मालकाला सांगा, परवानगी तुम्ही आणा. आणि टोकनच्या पावतीवर एक ओळ लिहून घ्या : सोसायटीनं परवानगी न दिल्यास पूर्ण रक्कम परत. माझ्या पावतीवर ती नव्हती. ५,००० तले ३,००० परत मिळाले, तेही दलालाकडे सहा खेपा घातल्यावर.

जून तोंडावर आला होता. शेवटी घर मिळालं ते त्याच घोडियाघरातल्या ताईंमुळे. त्यांच्या ओळखीच्या एका मासींच्या टेनामेंटचा वरचा मजला रिकामा होता. टेनामेंट म्हणजे स्वतंत्र बैठं किंवा एकमजली घर, तिथे आम्हाला कुठली कमिटी आडवी आली नाही. मासी स्वतः खाली राहतात. त्यांनीही एकच प्रश्न विचारला, "बेबी स्कूलेथी केटला वागे आवे छे?" साडेबाराला, म्हटलं. त्या म्हणाल्या, मग माझ्याकडे जेवेल, मला एकटीला जेवण जात नाही. मी तिथेच हो म्हटलं. वर जाऊन स्वयंपाकघर बघायचंही माझ्या लक्षात राहिलं नाही. नंतर कळलं की नळाला धार कमी आहे. तुम्ही नळ सोडून बघा.

पुढचं सगळं दोन दिवसांत झालं. अकरा महिन्यांचा भाडेकरार, कारण वर्षाहून जास्त मुदतीचा करार रजिस्टर करावा लागतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते, तो फॉर्म मासींनी आणि मी एकत्र बसून भरला.

एक राहिलंच. घर बघायला रविवारी जाऊ नका. रविवारी सगळे घरी असतात, मुलं खाली खेळत असतात, भाग भरलेला वाटतो. कामाच्या दिवशी एक सुट्टी खर्ची घालून बरोबर साडेबाराला जा आणि शाळेपासून घरापर्यंत मुलाच्या चालीनं चाला. कोणतं दुकान उघडं असतं, कोण ओट्यावर बसलेलं असतं, कुत्री कुठे असतात, रस्ता कुठे ओलांडावा लागतो, ते बघा. आमच्या वाटेवर एक शिंपी बसतो. पहिल्या दिवशी मी त्याला माझा नंबर देऊन ठेवला. परवा मुलीच्या चपलेचा पट्टा तुटला, तेव्हा तिनं त्याच्याच मशीनजवळ बसून मला फोन लावायला सांगितला.