न कापलेले शंभर टॉवेल

माझ्या संशोधनाचा विषय 'उदात्त अवकाश', अर्धा तत्त्वज्ञानात, अर्धा चित्रकलेत. सोलापुरात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे अध्यात्म का ओ?" चूक विचारणाऱ्याची नाही. मराठीत विचार उदात्त असतात, चारित्र्य उदात्त असतं. अफाट काही समोर आलं की माणूस दडपतो आणि तरी सुखावतो, इंग्रजीत 'सब्लाइम'. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७९० साली ज्याची फोड केली ती ही गोष्ट 'उदात्त' या शब्दात पटकन सापडत नाही.

तत्त्वज्ञानाचे मार्गदर्शक म्हणाले, चित्रं परिशिष्टात टाका. चित्रकलेच्या बाजूनं ऐकवलं गेलं, इतकं वाचत बसलात तर हात आखडेल. पहिला आराखडा दोन्हीकडून परत आला. मग दोन वर्षं सकाळी टिपणं, संध्याकाळी रंग, अशी दोन वेगळी दुकानं चालवली.

चित्रांसाठी बार्शी रस्त्यानं नान्नजकडे जायचे, अभयारण्याच्या कडेच्या माळावर. (माळढोक एकदाही दिसला नाही.) तो माळ काही केल्या कागदावर मावेना, म्हणून कॅनव्हास वाढवत नेला. चार फूट, सात, बारा. बारा फुटी चित्र भिंतीला टेकवलं तर वाढदिवसाचा फ्लेक्स वाटला. मोठं होतं, बस्स.

एकदा मे महिन्यात वळवानं तिथेच गाठलं. डोक्यावर वीज कडाडली तेव्हा उदात्त वगैरे काही सुचलं नाही, पाय लटपटले. स्कूटी दामटत फाट्यावरचं हॉटेल गाठलं. हातात चहा आल्यावर तेच आभाळ बघितलं, आणि चहा गार झाला तरी नजर हटेना. भय अंगाशी आलं की नुसतं भयच, थोडं अंतर मिळालं की त्यातच सुख, हे एडमंड बर्क या विचारवंतानं १७५७ साली मांडलंय. माझ्या वहीत ते लाल शाईनं अधोरेखितही होतं!

त्या रात्री कांटचा पिरॅमिडचा दाखला पुन्हा काढला. फार लांबून बघू नये, फार जवळूनही नाही. जवळ उभं राहिलं तर नजर पायथ्यापासून वर चढते, आणि शेंड्याला पोचेपर्यंत खालचे थर मनातून निसटलेले असतात. (कांटनं स्वतः पिरॅमिड पाहिले नव्हते, दाखला एका प्रवाशाचा.) एकेक थर मोजत कितीही जाता येतं, सगळे एकदम मनात धरायला गेलं की कल्पनाशक्ती थकते. त्याच क्षणी बुद्धी मात्र अनंताचा विचार करू शकते, हे जाणवतं. म्हणून उदात्त दगडात नसतं, बघणाऱ्याच्या मनात घडतं. माझा बारा फुटी माळ एका नजरेत संपत होता.

शहराच्या पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यात ओळख होती. मागावर टॉवेल सलग विणले जातात, मध्ये मोकळी पट्टी सुटते आणि नंतर तिथे कापतात. शेठना म्हटलं, शंभर टॉवेल कापूच नका. आणि बीम (मागाचा सुताचा रूळ) भरतानाच ताण्यात, म्हणजे लांबीच्या धाग्यांत, एका ठिकाणी निळ्या सुताचे चार पदर घाला, म्हणजे रेघ टोकापासून टोकापर्यंत जाईल. शेठनी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, पण सूत घातलं. पाच फुटांचा एक, असा पाचशे फुटांचा माळ तयार झाला.

जुन्या गोदामात तो डोळ्यांच्या उंचीवर मागे-पुढे फिरवत टांगला. निळी रेघ म्हणजे क्षितिज. टांगायला आलेले विणकर मामा एका टोकापासून पट्ट्या मोजत निघाले. तिसाव्याच्या आसपास थांबले, मागं वळून पाहिलं.

"मोजता येतंय की मॅडम. पण आवाक्यात येईना बगा."

आवाका! दोन वर्षं मी 'उदात्त'शी झटापट करत होते आणि हा शब्द रोज तोंडात होता. प्रबंधाचं तिसरं प्रकरण फाडून नव्यानं लिहिलं. पट्ट्या मोजणं हा त्याचा पहिला परिच्छेद, कांट त्यानंतर. परिशिष्टाचा विषय पुन्हा निघाला नाही, कारण कापड काढलं असतं तर युक्तिवादच उरला नसता. तोंडी परीक्षा गोदामातच घ्यावी म्हणून तीन अर्ज करावे लागले, ते जाऊ द्या. बाहेरून आलेले परीक्षक चाळीसपर्यंत पोचले.

नंतर शेठनी सगळे कापून, शिवून दिले. नव्वद विकले गेले. उरलेल्यांतला एक आमच्या न्हाणीघरात आहे. सासूबाई विचारतात, ही निळी रेघ एकाच बाजूला कशी काय आली?