मोतीचा डावा पाय

आमच्या मोतीचा मागचा डावा पाय झोपेतही उडत असतो आणि रात्री घर शांत झाले की फरशीवर नखांची टकटक स्पष्ट ऐकू येते. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजाराने मागे ठेवलेली ही खूण आहे.

तो चार महिन्यांचा असताना ताप आला, डोळ्यांना चिपडे धरली, जुलाब सुरू झाले. सलाइन आणि प्रतिजैविकांवर आठवडाभरात तो सावरला आणि आम्ही निर्धास्त झालो. तिथेच चुकलो. गोवराच्या विषाणूचा जवळचा नातलग असलेला हा विषाणू वरवरची लक्षणे ओसरल्यावर एक ते तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, मेंदूवरचा घाला उघड करतो. एके सकाळी मोती च्युइंगम चघळल्यासारखा जबडा भराभर हलवू लागला, तोंडाला फेस आला आणि तो आडवा झाला. शेजारच्या काकू कांदा हुंगवायला धावल्या, पण आकडीत तोंडाजवळ काहीही नेऊ नये. आजूबाजूच्या वस्तू हलवाव्यात, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर थेट दवाखाना गाठावा.

या विषाणूवर खात्रीचे औषध नाही. प्रतिजैविके न्यूमोनियासारख्या जोडसंसर्गासाठी असतात, तर आकडीसाठी मोतीला दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, फिनोबार्बिटोन सुरू झाले. ते मनाने अचानक बंद करायचे नाही, हे डॉक्टरबाईंनी दोनदा बजावले. सुरुवातीचे काही दिवस तो पेंगत असे आणि उठला की अधाशासारखा खात असे. पुढचे दीड महिना दर काही तासांनी कूस बदलणे, पोटाखाली जुना टॉवेल घालून त्याला उभे करणे आणि गुळगुळीत फरशीवर रबरी चटई अंथरणे, एवढेच आमचे उपचार होते.

दर खेपेला मी पायाच्या झटक्यांबद्दल विचारत असे. ते बहुधा जन्मभर राहतील, आकडीच्या औषधाने ते फारसे कमी होत नाहीत, तेव्हा आकड्या मोजा, झटके नव्हे, असे बाईंनी अखेर स्पष्ट सांगितले. त्या दिवसापासून भिंतीवरच्या कालनिर्णयवर आकडीच्या तारखेला लाल गोल पडू लागला.

लसीचा पहिला डोस आम्ही दिला होता. पण आईकडून आलेली प्रतिपिंडे तो निष्प्रभ करू शकतात, म्हणून पिल्लू १६ आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस द्यायचे असतात. आमचा दुसरा डोस गावी गेल्यामुळे राहिला.

गेल्या सात महिन्यांत कॅलेंडरवर लाल गोल नाही. मोती जिना चढतो. उतरताना मात्र अजूनही उचलून घ्यावा लागतो.