कुणाच्या हातात काय दिलं

रविवार, रात्री

दडपशाही करणाऱ्या देशांशी धंदा करावा की नाही, यावरून जेवताना भावाशी वाद झाला. तो निर्यातीचं काम बघतो. त्याचं म्हणणं, "ताई, धंदा धंद्याच्या जागी. तिथलं सरकार कसं आहे ते तिथल्या लोकांनी बघावं. आम्ही नाही माल दिला तर दुसरा कुणीतरी देणारच." पुढे पाहुणे आले आणि विषय तिथेच राहिला. मला बोलायचं होतं ते इथे लिहिते.

माल काय आहे आणि तो कुणाच्या हातात पडतोय, हे बघितल्याशिवाय "धंदा" म्हणून हात झटकता येत नाहीत. दडपशाही करणाऱ्या देशातल्या माणसांनाही औषधं लागतात, धान्य लागतं. ते विकणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण झटपट फोटोचे कॅमेरे बनवणाऱ्या पोलरॉइड कंपनीचं उदाहरण घ्या. 1970 साली अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये त्या कंपनीत कॅरोलाइन हंटर ही तरुण रसायनतज्ज्ञ आणि केन विल्यम्स हा छायाचित्रकार नोकरीला होते. दोघंही कृष्णवर्णीय. ऑफिसातल्या फलकावर त्यांना एका ओळखपत्राचा नमुना दिसला, त्यावर दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याचं नाव होतं. आपल्या कंपनीचा तिथे काय संबंध, म्हणून त्यांनी खोदायला सुरुवात केली.

दक्षिण आफ्रिकेत तेव्हा सोळा वर्षांवरच्या प्रत्येक काळ्या माणसाला सतत पास जवळ बाळगावा लागे. त्यात त्याचा फोटो, कुठे राहायची मुभा आहे, नोकरी कुणाकडे आहे, सगळं नोंदलेलं. रस्त्यात पोलिसाने मागितला आणि जवळ नसला की अटक. 1960 साली शार्पव्हिलला याच पासांच्या विरोधात जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, 69 माणसं मेली. अशा पासांसाठी मिनिटभरात फोटो काढून देणारं तंत्र पोलरॉइडचं होतं. हंटर आणि विल्यम्स यांनी पत्रकं काढली, त्यांतल्या एका पत्रकाचा मथळा होता: पोलरॉइड काळ्या माणसांना साठ सेकंदांत कैद करतं.

कंपनीने 1971 मध्ये "प्रयोग" जाहीर केला. सरकारला विक्री बंद, तिथल्या वितरकाकडच्या काळ्या कामगारांचे पगार वाढवायचे, शिक्षणाला पैसे द्यायचे. त्याच वर्षी हंटरला कामावरून काढलं. वितरक मात्र चोरून सरकारी खात्यांना माल देतच राहिला. ते 1977 मध्ये उघडकीला आलं, तेव्हा कुठे कंपनीने तिथून काढता पाय घेतला. म्हणजे एका पत्रकापासून माघारीपर्यंत सात वर्षं गेली. आणि "दुसरा कुणीतरी देणारच" याचं काय? झटपट फोटोच्या बाजारात 1976 मध्ये कोडॅक उतरेपर्यंत पोलरॉइडला तोलामोलाचा स्पर्धकच नव्हता. हे वाक्य बहुतेक वेळा कुणी तपासून बघितलेलं नसतं. तपासल्यावर ते खरं निघालं, तरी माझ्या हाताने दिलेली वस्तू मीच दिलेली असते.

दुसरी सबब, "आम्ही तिथला कायदा पाळतो." 2004 साली शी ताओ या चिनी पत्रकाराने याहूच्या ईमेलवरून एक मजकूर परदेशात पाठवला. लष्कराने निदर्शकांना मारलं त्या तिआनमेन हत्याकांडाला पंधरा वर्षं होत असताना वर्तमानपत्रांनी काय सांभाळायचं, याच्या वरून आलेल्या सूचना त्यात होत्या. त्या खात्याची माहिती याहूकडून चिनी पोलिसांना मिळाली आणि 2005 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. 2007 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे याहूचे प्रमुख जेरी यांग यांना बोलावलं गेलं, तेव्हा शी ताओची आई त्यांच्याच मागे बसली होती. यांग यांनी वळून तिच्यापुढे मान झुकवली. याहूने कुटुंबाशी तडजोड केली. मुलगा सुटला तो 2013 मध्ये.

कायदा पाळला हे खरंच असेल. पण असा कायदा आहे हे तिथे जाण्याआधी ठाऊक नव्हतं का? पोलीस दारात आल्यावर नाही म्हणणं फार अवघड, कारण तिथल्या कर्मचाऱ्यांनाही धोका असतो. म्हणून निर्णय आधीच घ्यावा लागतो. गूगल 2006 मध्ये चीनमध्ये सेन्सॉर केलेलं शोधयंत्र घेऊन गेलं (तेही मला पटत नाही), पण ईमेल आणि ब्लॉगची सेवा तिथे न्यायची नाही एवढं तरी त्यांनी ठरवलं होतं. आपल्याकडे माहितीच नसेल तर ती कुणी मागून घेऊ शकत नाही. 2010 मध्ये त्यांनी ते शोधयंत्रही बंद केलं.

निघून जाणं म्हणजे सुटलो, असंही नाही. म्यानमारमध्ये 2021 ला लष्कराने सत्ता बळकावली. नॉर्वेची टेलेनॉर तिथे मोबाइल सेवा देत होती. लष्कराला लोकांवर पाळत ठेवायची होती, ते आम्हाला मान्य नाही, असं सांगून कंपनीने आपला धंदा विकला आणि 2022 मध्ये बाहेर पडली. पण विकला म्हणजे ग्राहकांच्या नोंदीही नव्या मालकाच्या ताब्यात गेल्या आणि त्या मालकीतला मोठा वाटा लष्कराशी लागेबांधे असलेल्या स्थानिक कंपनीकडे गेला. कोण कुणाशी बोललं, कुठून बोललं, हे सगळं त्या नोंदींत असतं. तिथले कार्यकर्ते ओरडून सांगत होते की हा सौदा करू नका. नॉर्वेतल्या कंपनीचा मार्ग मोकळा झाला, धोका तिथल्या माणसांच्या गळ्यात पडला. हे प्रकरण वाचल्यापासून "त्या देशात धंदा करावा की नाही" हा प्रश्न मला अपुरा वाटतो. आपण हात लावला किंवा हात काढून घेतला, तर तिथल्या माणसाचं काय होतं, हे विचारायला हवं. आणि ते त्यालाच विचारायला हवं.

भाऊ म्हणालाच होता, "बहिष्काराने मरतो गरीबच." खरं आहे, पण ते ठरवण्याचा हक्क त्या गरिबाचा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या माणसांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली यांनी 1959 मध्येच बहिष्काराची हाक देताना स्पष्ट सांगितलं होतं, की याने आमच्याच लोकांचे हाल होतील यात शंका नाही, पण त्यामुळे रक्तपाताचे दिवस कमी होणार असतील तर ती किंमत आम्ही मोजू. असं तिथून कुणी म्हणत असताना "तुमच्याच भल्यासाठी आम्ही व्यापार चालू ठेवतो" म्हणणं मला सहन होत नाही. उलट, तिथले लोक म्हणत असतील की आमचं काम बुडवू नका, तर तेही तितक्याच गांभीर्याने ऐकायला हवं.

आता आपल्यासारख्यांचं, म्हणजे विकत घेणाऱ्यांचं. 1984 च्या जुलैत डब्लिनमधल्या डन्स स्टोअर्समध्ये कॅश काउंटरवर असलेल्या मेरी मॅनिंगने दक्षिण आफ्रिकेतल्या ग्रेपफ्रूटचं बिल करायला नकार दिला. तिच्या कामगार संघटनेची सूचना तशी होती. तिला निलंबित केलं आणि तिचे सहकारी तिच्यामागोमाग बाहेर पडले. वर्णद्वेषाबद्दल त्यांना सुरुवातीला फारशी माहितीही नव्हती. निमरॉड सेजाके नावाचा दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेला कार्यकर्ता त्यांच्यासोबत दुकानाबाहेर उभा राहू लागला, आणि पास म्हणजे काय, हे त्यांना त्याच्याकडून कळलं. जवळजवळ तीन वर्षं संप चालला. शेवटी 1987 मध्ये आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेच्या फळांची आणि भाज्यांची आयातच बंद केली.

ग्रेपफ्रूटवर निदान देशाचं नाव होतं. कपड्याच्या लेबलवर तो शिवला कुठे ते असतं, कापूस कुठला ते नसतं. उझबेकिस्तानात सरकार दर हंगामात लाखो लोकांना, आधी शाळकरी पोरांनाही, सक्तीने कापूस वेचायला पाठवत असे. तीनशेहून जास्त कंपन्यांनी तो कापूस न वापरण्याची शपथ घेतली. मागणी एकच होती: सक्ती थांबवा. सरकारने पद्धत बदलली, स्वतंत्र निरीक्षकांनी शेतात जाऊन खात्री केली आणि 2022 मध्ये बहिष्कार उठला. बहिष्कार असाच असावा, काय झालं म्हणजे तो संपेल हे पहिल्या दिवशीच सांगणारा.

चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या कापसाबाबत हेच करता येत नाही. जगातला सुमारे पाचवा हिस्सा कापूस तिथला, तिथल्या उइगुर मुसलमानांना सक्तीने कामाला लावल्याचे पुरावे आहेत, आणि मोकळेपणाने तपासणी होऊच शकत नाही. 2020 मध्ये तपासणी करणाऱ्या बड्या संस्थांनीच तिथे काम करणार नाही म्हणून सांगितलं. अमेरिकेने 2022 पासून उलटा नियम लावला: तिथला माल सक्तीचाच धरायचा, नसेल तर आयातदाराने सिद्ध करावं. मला हे योग्य वाटतं. सदरा हातात घेऊन उभी असलेली मी काय शोधून काढणार? युरोपीय संघानेही 2024 मध्ये सक्तीच्या श्रमाविरुद्ध कायदा केला, तो डिसेंबर 2027 पासून लागू होईल. पण त्यात सिद्ध करायचा भार तपास यंत्रणेवरच ठेवलाय. जिथे तपासनीसाला गावात शिरता येत नाही, कामगाराशी एकट्याने बोलता येत नाही, तिथला पुरावा ही यंत्रणा आणणार कुठून?