मेळघाटात तंबूतल्या दोन रात्री

परतवाडा सोडून घटांगचा घाट चढू लागलो, तेव्हा माझ्या सत्तरी ओलांडलेल्या आईने गाडीची काच खाली केली आणि सेमाडोह येईपर्यंत ती पुन्हा वर केली नाही. १९७३-७४ साली घोषित झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी मेळघाट हा एक. त्यामुळे जंगलात हवा तिथे तंबू ठोकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आम्ही प्रकल्पाबाहेर, ओळखीच्या एका कोरकू शेतकऱ्याच्या वावरात मुक्काम केला.

त्या वावराकडे जाणारी वाट एका नाल्यातून जाते. पाणी घोटाभरच होते. तरीही मी आधी पायी उतरून तळ चाचपला, कारण गोलसर, शेवाळलेल्या दगडांवरून चाक कधी घसरेल याचा नेम नसतो. मग टायरमधली हवा थोडी कमी केली, चारही चाकांना जोर देणारा लो गिअर टाकला आणि मध्येच क्लच न दाबता, एकाच संथ गतीने गाडी पलीकडे नेली. मागच्या सीटवर मुलांनी श्वास रोखून धरला होता.

संध्याकाळी आईने गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले. सोबत वांग्याची झणझणीत भाजी होती. जेवणे आटोपल्यावर धाकटीने कंदील मालवायला लावला आणि आजीच्या मांडीवर डोके ठेवून ती कितीतरी वेळ आकाशगंगेचा पांढुरका पट्टा न्याहाळत राहिली.