तुम्ही विचारलंत म्हणून : ताईंना कसलं आलंय प्रशिक्षण?

वंचितांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या संचालकांना नेतृत्वाचं प्रशिक्षण देते, असं मी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. देणगीदार तो आडून विचारतात, नातेवाईक तोंडावर : "अहो, तळमळ असली की झालं ना? या पैशात पोरांच्या वह्या नसत्या का आल्या?"

आल्या असत्या. पण वह्या कमी पडल्या म्हणून बंद पडलेली संस्था मी अजून पाहिलेली नाही. पगार थकले, हिशेब अडकला, विश्वस्तांत भांडणं लागली, म्हणून कुलूप लागलेल्या हव्या तेवढ्या दाखवते.

बीडकडे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणारी संस्था घ्या. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलात परततात. किराणा, स्वयंपाकीण, गॅस, औषधपाणी, सगळा खर्च त्याच महिन्यांत. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर खर्च करण्याचा कायदा एप्रिल २०१४ पासून लागू झाला, मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करणं भाग पडलं, आणि या पैशाची खरी धांदल उडते ती मार्च एंडला. मुलांचे आईबाप परतायला लागतात तेव्हा मंजुरीचं पत्र हातात पडतं. त्यातही पहिला हप्ता खर्चल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय दुसरा हप्ता नाही. मधल्या काळात पगार कुठून करायचे? एका संचालिकेनं गळ्यातलं गहाण ठेवून केले. तिच्या तालुक्यात ही गोष्ट कौतुकानं सांगतात. मला ती ऐकली की राग येतो.

म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवशी व्हिजन-मिशन काही नसतं. भिंतीवर बारा महिन्यांचा एक लांब कागद, आणि प्रत्येकानं आपापलं पासबुक बाहेर काढायचं. पैसे जायच्या तारखा लाल पेनानं, यायच्या हिरव्यानं. ऊसतोडवाल्यांच्या कागदावर ऑक्टोबर ते मार्च नुसता लाल दिसतो. मग त्याच बैठकीत देणगीदाराला पत्र लिहायला बसवते : पहिला हप्ता सप्टेंबरात द्या, रक्कम थोडी कमी केलीत तरी चालेल. पत्र एका पानाचं, पण लिहायला अख्खी दुपार जाते. कारण देणगीदारापुढे अट ठेवायची यांना सवयच नसते. ‘आपण मागणारे’ हे इतकं हाडीमाशी भिनलेलं असतं की तारीख बदलून मागणंही उद्धटपणा वाटतो.

दुसऱ्या दिवशी फोनची पाळी. सकाळभर फोन टेबलावर, संस्थेतून कोणाचाही आला तरी उचलायचा नाही. जेवायच्या आधी परत फोन लावून विचारायचं, कशाला केला होतास, आणि उत्तर जसंच्या तसं कागदावर. "ताई, सिलिंडर संपला, मागवू का?" "दादा, मोटर दुरुस्तीवाला सातशे मागतोय." "ताई, पाहुणे आलेत, चहा करू ना?" आणि मधेच एक : "नाही, काही नाही, आम्ही बघितलं." या शेवटच्या उत्तरानं संचालकांचे चेहरे का पडतात, ते प्रत्यक्ष पाहायला हवं! मग ठरवायला बसतो : किती रुपयांपर्यंत अधीक्षक स्वतः ठरवतील, कुठल्या कागदावर कोणाची सही चालेल, कशासाठी खरंच ताईंना उठवायचं. दोन हजार की पाच हजार, यावर तासभर वाद होतो. तो मी होऊ देते.

कायद्याचं सत्र कंटाळवाणं असतं, हे मान्य. पण २०२० साली एफसीआरएत, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्यात, दुरुस्ती झाली तेव्हा विदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाला पन्नासऐवजी वीसच टक्क्यांची मुभा उरली, आणि एका संस्थेनं तो निधी दुसरीला देणं बंद झालं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेमार्फत ज्यांच्यापर्यंत पैसा झिरपत होता, त्या तालुक्यातल्या छोट्या संस्थांचा नळच बंद झाला. पूर्वी एकदा मिळाली की मिळाली, अशी १२ए-८०जीची, म्हणजे संस्थेच्या आणि देणगीदाराच्या करसवलतीची नोंदणी २०२१ पासून मुदतीची झाली. "हे आमचे सीए बघतात," असं सगळे म्हणतात. सीए फॉर्म भरतील, पण माणसं कमी करायची की काम, हे सीए सांगणार नाहीत. धर्मादाय आयुक्तांकडचा बदल अर्जही तसाच. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत तो करायचा असतो. प्रत्यक्षात अध्यक्ष जाऊन वर्षं लोटतात, शेड्यूल एकवर, म्हणजे आयुक्तांकडच्या नोंदीत, नाव त्यांचंच, आणि उरलेल्या मंडळात संचालकांची बायको, मेव्हणा, वर्गमित्र. असं मंडळ संचालकांना एक प्रश्न विचारेल तर शपथ!

एक गोष्ट मात्र कुठल्याच छापील अभ्यासक्रमात मला सापडली नाही. आमच्या एका गटात पारधी वस्तीतून आलेला, स्वतःची संस्था उभी केलेला एक संचालक होता. देणगीदारांची माणसं भेटीला आली की ती त्याच्याशेजारी बसलेल्या इस्त्रीच्या शर्टातल्या अकाउंटंटकडे बघून बोलायची. संचालक कोण, हे सांगूनही. अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ साली कागदावरून गेला, नजरेतून जायचा आहे. यावर आम्ही तालीम केली. कोण आधी बोलणार, प्रश्न अकाउंटंटकडे वळला तर तो कोणाकडे बघणार. खरं प्रशिक्षण त्या अकाउंटंटलाच लागलं, गप्प बसायचं. बिचाऱ्याला फार जड गेलं.

समाजकार्याचं रीतसर शिक्षण आपल्याकडे १९३६ पासून आहे, आजच्या ‘टिस’ची (टाटा समाजविज्ञान संस्थेची) ती सुरुवात. पण तिथून बाहेर पडतात ते कार्यकर्ते आणि अधिकारी. वस्तीतून उठून संस्था चालवायला घेतलेल्या माणसासाठी काय आहे? मुंबईतल्या हॉटेलात, इंग्रजी स्लाइडवर, चार रंगांत स्वभाव ओळखायची चाचणी आणि दुपारी फुगे फुगवायचा खेळ. (फुग्यांवर माझा विशेष राग आहे.) चेंबूरच्या वस्त्यांतून वाढलेल्या ‘कोरो’सारख्या संस्थेनं दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त कार्यकर्त्यांच्या नेतृत्वासाठी फेलोशिप चालवली, म्हणून निदान वेगळी वाट आहे हे तरी दिसलं.

तळमळीचं म्हणाल तर ती मी शिकवत नाही. येताना सगळे ती घेऊनच येतात, काहींची जरा कमी झाली तर बरं, असंही वाटतं. रात्री अकराला कार्यकर्त्याला फोन करणाऱ्याची तळमळ कार्यकर्त्याच्या बायकोला विचारा.

आणि हो, ‘आम्हालाही पाठवायचंय’ असं विचारणाऱ्यांसाठी : एकटा संचालक मी घेत नाही. बरोबर संस्थेतलं दुसरं माणूस हवं, नात्यातलं नको, आणि वर्षभरात त्या माणसाची बँकेत सही लागली पाहिजे. ही अट ऐकून मागच्या खेपेला एक ज्येष्ठ संस्थाचालक म्हणाले, "मग राहू द्या." राहू दिलं. त्यांच्या दोन जागांवर नंदुरबारकडच्या धडगावच्या दोघी आल्या.